एडगर: टेक शेअर घेणाऱ्यांसाठी फुकट, रटाळ आणि तरीही कामाची साइट

हा रिव्ह्यू कुठल्या ब्रोकर ॲपचा नाही, आणि टिप्स देणाऱ्या चॅनेलचा तर अजिबातच नाही. एडगर नावाची एक सरकारी साइट आहे, तिचा आहे. अमेरिकेतल्या सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनची, म्हणजे एसईसीची ही साइट, तिथल्या बाजारात लिस्टेड असलेल्या कंपन्यांना आपली कागदपत्रं इथे टाकावीच लागतात आणि जगातल्या कुणालाही ती फुकट वाचता येतात, लॉगिन नाही, सबस्क्रिप्शन नाही, "पुढे वाचायला ईमेल द्या" वगैरे नाटकं नाहीत. 1993 ते 1996 च्या दरम्यान टप्प्याटप्प्याने कागदाऐवजी इलेक्ट्रॉनिक फाइलिंग सक्तीचं झालं, आणि साइटचं रूप बघून वाटतं की डिझायनर तेव्हा जो सुट्टीवर गेला तो अजून परत यायचाय.

तर मुद्दा असा की टेक कंपनीच्या शेअरबाबत डोकं ताळ्यावर ठेवायचं असेल तर ही साइट कितपत कामाची आहे. माझं मत आधीच सांगतो, खूप कामाची आहे, पण ज्या कारणासाठी लोक सांगतात त्यासाठी नाही.

सिमेंट कंपनीच्या शेअरच्या प्रेमात सहसा कुणी पडत नाही. टेकमध्ये पडतात. फोन त्यांचा, सर्च त्यांचं, मेसेज त्यांच्या ॲपवर, सीरियल त्यांच्यावर, आणि दिवसभर ज्याच्या हातात ती वस्तू आहे त्याला वाटायला लागतं की आपल्याला कंपनी कळली. प्रॉडक्ट भारी, म्हणून कंपनी भारी, म्हणून शेअर भारी, असं माणूस एका दमात बोलून मोकळा होतो. आता मधे केवढं काय काय राहून गेलं बघा: ते प्रॉडक्ट विकून पैसे उरतात का, उरले तर शेअरहोल्डरच्या पदरात पडतात की कर्मचाऱ्यांना वाटलेल्या शेअर्समध्ये विरघळून जातात, आणि आज जो भाव मोजताय त्यात पुढच्या दहा वर्षांचं कौतुक आधीच धरलंय का. उलट्या बाजूनेही हेच होतं, एखाद्या कंपनीचा सीईओ डोक्यात जातो म्हणून तिचे आकडेसुद्धा न बघणारे लोक आहेतच की. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं.

आता एडगरची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. तिथे शेअरचा आजचा भाव नाही. कुठेच नाही. हिरवं-लाल काही नाही, चार्ट नाही, "तुमचा शेअर आज 4 टक्के पडला" म्हणून फोन थरथरत नाही, आणि मुख्य म्हणजे तुम्ही तो शेअर कितीला घेतला होता हे त्या साइटला माहीतच नाही. ब्रोकरच्या ॲपमध्ये तोच आकडा तुमच्या नावासमोर सगळ्यात ठळक लावलेला असतो, सरासरी खरेदी किंमत, आणि खाली नफा नाहीतर तोटा. कंपनीच्या दृष्टीने या आकड्याला काडीचीही किंमत नाही, तुम्ही 90 ला घेतला की 140 ला याने तिचा एक ग्राहकही वाढत नाही, पण आपलं सगळं डोकं त्याच आकड्याभोवती फिरत राहतं. फायद्यातला शेअर पटकन विकायचा आणि तोट्यातला "निदान घेतलेल्या भावाला तरी येऊ दे" म्हणत कवटाळून बसायचं. या सवयीला हर्ष शेफ्रिन आणि मेअर स्टॅटमन या दोन संशोधकांनी 1985 साली डिस्पोझिशन इफेक्ट असं नाव दिलं आणि 1998 मध्ये टेरन्स ओडियनने खऱ्याखुऱ्या खात्यांच्या नोंदींमधून दाखवून दिलं की लोक अगदी हेच करतात. पुढे ब्रॅड बार्बरसोबत त्याने 2000 साली जो अभ्यास छापला तो तर अजून बोचरा आहे, एका डिस्काउंट, म्हणजे कमी कमिशन घेणाऱ्या, ब्रोकरकडची 66,465 घरांची खाती, 1991 ते 1996 चा काळ, सगळ्यात जास्त उलाढाल करणाऱ्यांना वर्षाला सरासरी 11.4 टक्के मिळाले आणि बाजाराने दिले 17.9 टक्के. म्हणजे काहीतरी करत राहण्याची खाज हीच महागात पडली. एडगरवर करण्यासारखं काहीच नाही. खरेदीचं बटणच नाही. वाचा नाहीतर निघा.

मग वाचायचं काय, तर मुख्य म्हणजे 10-के, वार्षिक रिपोर्ट. मोठ्या कंपन्यांना वर्ष संपल्यावर 60 दिवसांत द्यावा लागतो. तिमाहीचा तो 10-क्यू, तो 40 दिवसांत. मधेच काही मोठं घडलं की 8-के, चार कामकाजाच्या दिवसांत. अमेरिकेबाहेरच्या ज्या कंपन्या तिथे लिस्टेड आहेत त्यातल्या बऱ्याच 10-के ऐवजी 20-एफ टाकतात, इन्फोसिस आणि विप्रोचेही तिथे सापडतील.

10-के उघडला की पहिला भाग धंद्याचं वर्णन, तो कंपनीनेच लिहिलेला असल्याने अर्थातच "आम्ही जग बदलतोय" छापाचा. तो मी भराभर खाली सारतो. मग रिस्क फॅक्टर्स, मग मॅनेजमेंटची चर्चा, मग हिशोब, आणि हिशोबाच्या पाठीमागे बारीक अक्षरातल्या नोट्स. वाचायची सुरुवात या नोट्सपासून करावी असं माझं ठाम मत आहे, कारण पुढच्या पानांवर जाहिरात खात्याचा हात फिरलेला असतो, नोट्सपर्यंत पोचायचा त्यांनाही कंटाळा येत असावा.

एक उदाहरण जरा जवळून बघू. गुगलची मूळ कंपनी अल्फाबेट. 2023 च्या सुरुवातीला त्यांनी ठरवलं की आमचे सर्व्हर चार वर्षं नाही, सहा वर्षं टिकतात. आता सर्व्हर जास्त वर्षं टिकतात म्हटलं की त्याची किंमत जास्त वर्षांवर वाटली जाते, दरवर्षीचा घसारा कमी होतो आणि नफा तेवढाच वाढलेला दिसतो. त्या वर्षीच्या 10-के मध्ये हे स्वच्छ लिहिलंय, या बदलामुळे 2023 चा घसारा 3.9 अब्ज डॉलरने कमी झाला आणि निव्वळ नफा 3 अब्जने वाढला. बातम्यांमध्ये काय आलं, तर नफा किती वाढला एवढंच. यात लबाडी काही नाही, सगळं नियमात आहे आणि त्यांनी लपवलंही नाही, उलट आकड्यासकट सांगितलं. पण त्या 3 अब्जसाठी एकही जास्त जाहिरात विकावी लागली नाही. पुढचं गंमतशीर आहे. ॲमेझॉननेही आपल्या सर्व्हरचं आयुष्य असंच वाढवत वाढवत 2024 मध्ये सहा वर्षांवर नेलं होतं, आणि 2025 पासून काही सर्व्हरचं परत पाचवर आणलं, कारण काय दिलं तर एआय आणि मशीन लर्निंगमुळे टेक्नॉलॉजी फार वेगाने बदलतेय. त्याच 2025 मध्ये मेटाने, म्हणजे फेसबुकच्या कंपनीने, आपल्या सर्व्हरचं आयुष्य साडेपाच वर्षांवर वाढवलं. तेच एआय, तशीच यंत्रं, दोन कंपन्यांचे अंदाज दोन दिशांना. तुमच्याकडे यातल्या कुठल्याही कंपनीचा शेअर असेल तर "एआयमुळे नफा वाढणार" या गप्पांपेक्षा हा प्रश्न जास्त जड आहे, की ही अब्जावधी डॉलरची यंत्रं नक्की किती वर्षं चालणार, आणि गंमत म्हणजे याचं उत्तर त्या कंपन्यांनाही ठामपणे माहीत नाहीये हे तुम्हाला एडगरवर बसून दिसतं.

रिस्क फॅक्टर्सबद्दल लोक म्हणतात की तो वकिलांनी भरलेला भुसा आहे, भूकंपापासून सायबर हल्ल्यापर्यंत सगळं टाकून ठेवतात म्हणजे उद्या कुणी कोर्टात गेलं तर "आम्ही सांगितलं होतं" म्हणता येतं. ते बरोबरच आहे. पण भुशात कधीकधी दाणा असतो. फेसबुकने फेब्रुवारी 2012 मध्ये आयपीओसाठी, म्हणजे शेअर पहिल्यांदा बाजारात आणण्यासाठी, एस-1 नावाचा अर्ज टाकला, त्यात सरळ लिहिलेलं होतं की लोक मोबाइलवर जास्त येऊ लागलेत आणि मोबाइलमधून आम्हाला सध्या थेट म्हणावं असं उत्पन्न काही नाही. एवढं मोठं भगदाड, कंपनीने स्वतःच्या हाताने दाखवलेलं. मे महिन्यात शेअर 38 डॉलरला विकला गेला, सप्टेंबरपर्यंत 18 च्याही खाली. आता "बघा, कागद वाचला असता तर वाचलो असतो" असं म्हणून इथेच थांबायचा मोह होतो, पण थांबू नका, कारण 2013 च्या दुसऱ्या तिमाहीत जाहिरात उत्पन्नातला मोबाइलचा वाटा 41 टक्के झाला आणि त्या रिझल्टनंतर एका दिवसात शेअर जवळपास 30 टक्के उडाला. म्हणजे कागदाने भगदाड कुठे आहे ते दाखवलं, ते बुजेल की नाही हे कागदाला माहीत नव्हतं. एडगर तुम्हाला भविष्य सांगत नाही. कुठल्या आकड्यावर नजर ठेवायची तेवढं सांगतं. फेसबुकच्या बाबतीत तो आकडा मोबाइलचा वाटा हा होता, युजर किती वाढले हा नाही, आणि ज्याने हे एस-1 वाचून ठरवलं होतं त्याला 2012 मध्ये घाबरायचं आणि 2013 मध्ये मत बदलायचं, दोन्हीला कारण होतं. ऑब्जेक्टिव्ह असणं म्हणजे मला तरी एवढंच कळतं, आपण काय बघून मत बदलणार आहोत हे आधी ठरलेलं असणं. थंड चेहऱ्याने बसणं म्हणजे ऑब्जेक्टिव्ह असं काही नाही, तोट्यात बसून थंड चेहरा ठेवणारे ढिगाने आहेत.

अॅडजस्टेड आकड्यांचं प्रकरण वेगळंच आहे. टेक कंपन्यांचे रिझल्ट आले की प्रेस रिलीजमध्ये वर मोठ्या अक्षरात जो नफा असतो तो बऱ्याचदा हिशोबाच्या नियमातला नफा नसतो, त्यातून "हे धरू नका, ते धरू नका" करून उरलेला असतो. हे प्रेस रिलीज 8-के सोबत एक्झिबिट 99.1 म्हणून एडगरवर येतं. आणि 2003 पासून नियम आहे की असा आकडा दिला तर खऱ्या आकड्यापासून तिथपर्यंत कसे पोचलात ते टेबल द्यायचंच. ते टेबल शेवटी असतं, रिलीज उघडलं की सरळ शेवटी जा. स्नॅपचॅटवाल्या स्नॅपचं 2023 चं वर्ष घ्या, उत्पन्न सुमारे 4.6 अब्ज डॉलर, निव्वळ तोटा सुमारे 1.32 अब्ज, आणि अॅडजस्टेड एबिटडा, म्हणजे व्याज, टॅक्स, घसारा आणि अजून काही खर्च न धरता काढलेला नफा, चक्क अधिक 16 कोटी डॉलरच्या आसपास. तोट्यातून फायद्यात आलो कसे, तर फरकाचा सगळ्यात मोठा तुकडा म्हणजे कर्मचाऱ्यांना दिलेले शेअर्स, हा खर्च कॅशमध्ये जात नाही म्हणून तो धरायचा नाही म्हणे. अरे पण तो शेअरहोल्डरच्या खिशातून जातो ना, दरवर्षी नवे शेअर निघतात आणि तुमचा वाटा तेवढा पातळ होतो. कॅशने पगार दिला तर खर्च आणि शेअरने दिला तर खर्च नाही, हा कुठला हिशोब. ज्याला हे पटतं त्याने खुशाल धरावं, माझा आक्षेप एवढाच की टेबल न बघता पटवून घेऊ नये.

याच संदर्भात एडगरवरचा एक कोपरा फार कमी लोक उघडतात. एसईसीचे अधिकारी कंपन्यांची कागदपत्रं तपासून त्यांना पत्रं लिहितात, कंपनी उत्तर देते, आणि तपासणी संपल्यावर कमीत कमी 20 कामकाजाच्या दिवसांनी हा सगळा पत्रव्यवहार साइटवर उघडा होतो. फाइलिंगच्या यादीत एसईसीच्या पत्रापुढे अपलोड आणि कंपनीच्या उत्तरापुढे कॉरेस्प असं लिहिलेलं दिसतं. ग्रुपॉन या सवलतीची कूपनं विकणाऱ्या कंपनीने 2011 च्या आयपीओच्या वेळी नवे ग्राहक मिळवायचा मार्केटिंग खर्च वगळून स्वतःचा एक आकडा शोधून काढला होता, एसईसीने त्यावर प्रश्न विचारले आणि तो आकडा कागदपत्रातून काढावा लागला. ही पत्रं वाचायला मजा येते हो, भाषा इतकी सभ्य की चिमटा कुठे काढला ते दुसऱ्यांदा वाचल्यावर कळतं. आपल्याला जे प्रश्न सुचायला हवे होते ते कुणीतरी पगार घेऊन आधीच विचारून ठेवलेत, आणि आपण दुसरीकडे अनोळखी लोकांचे व्हिडिओ बघत बसतो.

फॉर्म 4 बद्दल मात्र सावध करतो. कंपनीच्या डायरेक्टर आणि बड्या अधिकाऱ्यांनी स्वतःच्या कंपनीचा शेअर घेतला-विकला की दोन कामकाजाच्या दिवसांत हा फॉर्म येतो. मग "सीईओने विकायला काढले, पळा" अशी बोंब सुरू होते. फॉर्म नीट बघा, व्यवहारापुढे एक अक्षर असतं. पी म्हणजे बाजारातून विकत घेतले, एस म्हणजे विकले, ए म्हणजे कंपनीने दिले, एफ म्हणजे टॅक्ससाठी कापून घेतले. एफ बघून घाबरणारे लोक मी पाहिलेत, तो म्हणजे नुसता पगारातून टॅक्स कापल्यासारखा प्रकार आहे. शिवाय एप्रिल 2023 पासून त्यावर एक चौकट आहे, की ही विक्री आधी ठरवून ठेवलेल्या 10बी5-1 प्लॅनप्रमाणे झाली का, आणि अधिकाऱ्यांना असा प्लॅन केल्यावर पहिली विक्री करायला कमीत कमी 90 दिवस थांबावं लागतं. चौकटीत टिक असेल तर ती विक्री या आठवड्यातल्या बातमीवर नाही एवढं नक्की. पी अक्षर दिसलं तर मात्र मी थांबून बघतो, टेकमध्ये ते विरळाच. आणि 13-एफ, मोठ्या फंडांनी काय घेतलं त्याची यादी, ती तिमाही संपल्यावर 45 दिवसांपर्यंत येते, तोपर्यंत त्यांनी ते विकलेलंही असू शकतं. वरातीमागून घोडं. तिच्यावरून शेअर घेऊ नका.

आता तक्रारी. भरपूर आहेत.

पहिली, काय बदललं ते साइट दाखवत नाही. मागच्या वर्षीचा 10-के आणि या वर्षीचा शेजारी ठेवून फरक रंगवून दाखवा ही साधी अपेक्षा आहे, ती पूर्ण होत नाही, दोन खिडक्या उघडून स्वतःच करा नाहीतर मजकूर कॉपी करून फरक दाखवणाऱ्या दुसऱ्या कुठल्यातरी टूलमध्ये टाका. खरी माहिती तर बदलातच असते, एखादं वाक्य "होऊ शकतं" वरून "झालं आहे" वर गेलं की समजायचं. आणि काय गायब झालं हे तर कुणीच सांगत नाही. ॲपलने नोव्हेंबर 2018 मध्ये जाहीर केलं की इथून पुढे किती आयफोन विकले तो आकडा देणार नाही. नेटफ्लिक्सनेही 2025 पासून दर तिमाहीला सबस्क्रायबरचा आकडा देणं बंद केलं. कंपनीने आवडीचा आकडा अचानक झाकला की शंका यावीच, आणि ॲपलच्या बाबतीत दोन महिन्यांतच ती खरी वाटली, 2 जानेवारी 2019 ला त्यांनी तिमाहीच्या उत्पन्नाचा अंदाज 89 ते 93 अब्जवरून 84 अब्जवर आणला आणि दुसऱ्या दिवशी शेअर 10 टक्के आपटला. शंकेखोर मंडळी खूश. पण त्याच 2019 च्या अखेरपर्यंत शेअर 80 टक्क्यांहून जास्त वर गेला होता. आयफोनच्या नगांवर डोळे लावून बसलेल्यांना सर्व्हिसेसमधून येणारा पैसा आणि कंपनीने स्वतःच परत विकत घेतलेले शेअर्स दिसलेच नाहीत, आणि हे दोन्ही त्याच कागदपत्रांत होतं. तेव्हा नुसती शंका घेता येते म्हणून माणूस ऑब्जेक्टिव्ह झाला असं नाही, शंका हेसुद्धा एक प्रेम असतं.

दुसरी तक्रार त्याहून मोठी आणि ती साइटपेक्षा तिच्या फुल टेक्स्ट सर्चची आहे. 2001 पासूनच्या फाइलिंगमध्ये कुठलाही शब्द शोधता येतो, जबरदस्त सोय आहे, आणि नेमकं त्यामुळेच माणूस वाहवत जातो. मत आधी बनलेलं असतं, मग त्याला पुरावा शोधायचा, आणि शेकडो पानांमध्ये तो सापडतोच सापडतो. मग "मी फाइलिंग वाचून बोलतोय" म्हणत चर्चेत छाती काढून फिरायचं. कागद वाचणारा माणूस टिपांवर चालणाऱ्यापेक्षा जास्त हट्टी होऊ शकतो, कारण त्याच्याकडे पान नंबर असतो. शेअर पडला की हाच माणूस अजून घेतो, अजून पडला की अजून घेतो, बुडत्याचा पाय खोलात, आणि प्रत्येक वेळी त्याच्याकडे एक नवं वाक्य तयार असतं.

यावर मला उपयोगी पडलेला उपाय एकच, आपल्या कंपनीपेक्षा दुसऱ्यांच्या फाइलिंग जास्त वाचायच्या. एआयसाठी लागणाऱ्या चिप बनवणारी एनव्हिडिया घ्या. 2025 च्या आर्थिक वर्षात उत्पन्न 130.5 अब्ज डॉलर, दोनच वर्षं आधी ते सुमारे 27 अब्ज होतं, असा आकडा बघितल्यावर डोकं थंड राहणं कठीणच. त्याच 10-के मध्ये लिहिलंय की तीन थेट ग्राहकांकडून अनुक्रमे 12, 11 आणि 11 टक्के उत्पन्न आलं. नावं नाहीत, कस्टमर ए, बी, सी. आणि थेट ग्राहक म्हणजे बऱ्याचदा बोर्ड किंवा सर्व्हर जोडून देणाऱ्या कंपन्या, खरा वापरणारा त्यांच्या मागे. मग एनव्हिडियाचं पान बंद करून मायक्रोसॉफ्ट, मेटा, अल्फाबेट, ॲमेझॉन यांच्या कॅश फ्लोमध्ये, म्हणजे रोख पैसा आला-गेला त्या हिशोबात, यंत्रसामग्रीवरचा खर्च बघायचा, कारण यांचा खर्च म्हणजे फिरून फिरून तिकडचं उत्पन्न. तो खर्च वाढवायला त्यांच्याकडे पैसा कुठून येतोय, धंद्यातल्या कॅशमधून की कर्ज काढून, आणि मघाशी सांगितलेलं ते सर्व्हरचं आयुष्य, हे सगळं एकमेकांत अडकलेलं आहे. इतकं फिरून आल्यावर तुमचं मत तेच राहिलं तरी चालेल, पण आता ते कुठे मोडू शकतं ते तुम्हाला ठाऊक असतं. शिवाय दुसऱ्याच्या कागदात आपला शेअर नसल्याने आपण तो जरा माणसासारखा वाचतो.

तिसरी तक्रार म्हणजे ज्याचं मी वर कौतुक केलं तेच, भाव नाही. भाव विसरून कंपनी बघता येते हे खरं, पण शेवटी शेअर घेताना भाव मोजावाच लागतो आणि नुसती एडगर वाचणारा माणूस चांगल्या कंपनीला वाटेल तो भाव देऊन बसू शकतो. नेटवर्कची यंत्रं बनवणारी सिस्को हे याचं सगळ्यात कडू उदाहरण. मार्च 2000 मध्ये काही काळ जगातली सगळ्यात मोठ्या बाजारमूल्याची कंपनी, शेअर 80 डॉलरला. त्या आर्थिक वर्षाचं उत्पन्न सुमारे 19 अब्ज होतं, 2025 मध्ये ते जवळपास 57 अब्ज झालं, म्हणजे कंपनी बुडाली वगैरे नाही, धंदा तिप्पट झाला. आणि शेअरला तो मार्च 2000 चा बंद भाव परत ओलांडायला डिसेंबर 2025 उजाडलं. या सगळ्या वर्षांत सिस्कोचे 10-के वाचून कुणालाही ही चांगली कंपनी आहे असंच वाटलं असतं, आणि ते बरोबरच होतं.

टेक कंपनीतच नोकरी करणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. पगाराचा भाग म्हणून शेअर मिळतात, हळूहळू साठत जातात, आणि आतल्या गोष्टी माहीत असल्याने आपल्याला जास्त कळतं असा समज होतो. आतून तुम्हाला तुमची टीम दिसते, फार तर तुमचा मजला. आपल्याच कंपनीचा 10-के उघडून बघा, तुमचा प्रोजेक्ट त्यात एका ओळीतही नसेल. तेवढीच रक्कम आज बँकेत कॅश म्हणून आली असती तर हाच शेअर घेतला असता का, एवढा प्रश्न विचारायचा, आणि नोकरीही तिथेच आणि बचतही तिथेच हे लक्षात ठेवून उत्तर द्यायचं. बाकी विकायच्या आधी कंपनीचे ट्रेडिंगचे नियम बघा, ते मोडले तर एडगरपेक्षा वाईट ठिकाणी नाव येईल.

बाकी किरकोळ. मोबाइलवर टेबलं फुटतात, लॅपटॉप घ्या. नव्या फाइलिंगमध्ये आकड्यावर क्लिक केलं की त्याची व्याख्या आणि कालावधी उघडतो, हे मस्त आहे. रिझल्टनंतर कंपनी गुंतवणूकदारांशी बोलते त्या कॉलची लेखी प्रत इथे सहसा मिळत नाही, ती कंपनीच्या साइटवर शोधावी लागते, आणि खरं सांगायचं तर कॉलमधली प्रश्नोत्तरं सोडली तर फारसं काही बिघडत नाही. भाषा इंग्रजी, तीही वकिली, पहिले एक-दोन रिपोर्ट डोक्यावरून जातात, मग तीच तीच वाक्यं ओळखीची व्हायला लागतात आणि वेग येतो. रोज शेअर घेऊन रोज विकणाऱ्यांना या साइटचा उपयोग शून्य.

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो फरक न दाखवण्यासाठी, डिझाइनसाठी कापला नाही, ते आहे तसंच रटाळ राहू दे.

आणि हो, शोधताना कंपनीचं नाव टाकल्यावर जी पहिली दिसेल ती उघडू नका, टिकर, म्हणजे शेअरचं बाजारातलं छोटं नाव, आणि पत्ता बघून घ्या. 2020 च्या मार्चमध्ये सगळं जग व्हिडिओ कॉलवर गेलं तेव्हा लोकांनी झूम व्हिडिओ समजून झूम टेक्नॉलॉजीज नावाच्या भलत्याच कंपनीचे शेअर घेतले, कारण तिचा टिकर झूम असाच होता आणि खऱ्या झूमचा झेडएम, शेवटी एसईसीने त्या दुसऱ्या कंपनीचं ट्रेडिंगच काही दिवस थांबवलं. तिची फाइलिंगची यादी एडगरवर उघडी पडलेलीच होती, आणि तिच्यात 2015 नंतर धड एकही रिपोर्ट नव्हता.